सांभाळायला दिलेली चाल

एप्रिलमध्ये मी कानात कापसाचे बोळे घालून कॉलेजात जात होते. ग्रंथालयातल्या शिपायाला वाटलं, माझा कान फुटला आहे. त्यानं घरून लसूण घालून कढवलेलं तेल एका लहान बाटलीत आणून दिलं. मी बाटली घेतली, आभार मानले आणि खरं कारण सांगितलं नाही.

खरं कारण असं होतं की माझ्या डोक्यात एक चाल होती आणि ती बिघडेल याची मला भीती वाटत होती.

माझे पती मार्चच्या अखेरीस गेले. ते गाण्यांना चाली लावत. त्यांनी लावलेली शेवटची चाल फक्त मी ऐकली होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, कुणाच्या फोनमध्ये नव्हती, त्यांच्या गायन पार्टीतल्या कुणाच्या कानावरही पडलेली नव्हती. वैशाखी पौर्णिमेला झरीच्या विहारात बायका त्या चालीवर गाणं म्हणणार होत्या. तोपर्यंत ती मला जशीच्या तशी ठेवायची होती. मी गाणारी बाई नाही. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाचा आवाज वर्षानुवर्षं खालीच राहतो, आणि माझा तर मुळातच पातळ आहे.

पोटापाण्यासाठी ते पंचायत समितीत कारकून होते. संगीतकार हा शब्द त्यांच्या नावापुढे एकदाच छापला गेला, सेलूच्या एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर. पत्रिका घरी आली तेव्हा त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली आणि मला हाक मारली. "अगं, बघ तरी, आपल्या घरी कोण राहायलंय!" पुढे चार-आठ दिवस ते स्वतःलाच 'संगीतकार, चहा घेता का' असं विचारत होते. गाणी मात्र त्यांच्याकडे सतत येत. जयंतीची गाणी, विहाराची गाणी, शाळांची स्वागतगीतं, कुणाच्या मुलीच्या पाठवणीचं गाणं. एकदा तर आरोग्य खात्याच्या माणसांनी हात धुण्याचं गाणं मागितलं होतं. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की झेडपीच्या शाळेतली मुलं जेवणाआधी ते म्हणत आणि हात धुवायचे विसरत.

शनिवार-रविवारी पार्टी जीपनं निघे. पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, झांज आणि मागे म्हणणारे दोघं-तिघं. पाथरी, गंगाखेड, वालूर, जिंतूर, जिथं बोलावणं येईल तिथं. मी कधी बरोबर गेले नाही. मला त्या रस्त्यांची भीती वाटे. उसाच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॉल्या उभ्या असतात, मागे दिवा नसतो, आणि जीपचा ड्रायव्हर गाणाऱ्यांना गाणं म्हणून दाखवत गाडी चालवतो हे मला ठाऊक होतं. ते पोचल्यावर फोन करत, एकच शब्द बोलत, "पोचलो." तो शब्द येईपर्यंत मी हातातलं पुस्तक उघडं ठेवून एकाच पानावर बसून असे. आमच्या लग्नाच्या एवढ्या वर्षांत मी किती पानं अशी पाठ केली असतील. त्यांतलं एकही आज आठवत नाही.

प्रवासाहून ते नेहमी काहीतरी घेऊन येत, आणि ते पिशवीत नसे. एकदा दसऱ्यानंतर वालूरहून आले. तिथं ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या ट्रॉल्या भरत होत्या. ट्रॉलीच्या कडेला भांडी दोरीनं बांधलेली होती, आणि ट्रॅक्टर सुरू झाला की सगळी भांडी एकदम वाजायची, मग थोडी वाजायची, मग एकच कळशी वाजत राहायची. त्यांनी चपला न काढता स्वयंपाकघरात येऊन तवा, उलथनं आणि डबा घेऊन मला ते वाजवून दाखवलं. पुढे त्याचंच एक गाणं झालं. लोक त्यावर नाचले. ते गाणं लागलं की मला अजून त्यात ती एकच कळशी ऐकू येते.

पिठाच्या गिरणीत ते दळण घेऊन स्वतः जात आणि नंबर आला तरी मागच्याला पुढे सोडत. गिरणीचा पट्टा जिथं जोडलेला असतो तिथं तो चाकावर एक थाप मारतो, ती त्यांना आवडे. उरुसाच्या दिवसांत कव्वाली ऐकायला ते मागे, चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहत. पुढे का बसत नाही असं विचारलं तर म्हणत, पुढं गाणं ऐकू येतं, मागं लोक कुठं 'वा' म्हणायलेत ते ऐकू येतं. चारठाण्याच्या जुन्या देवळांशी गेले की मूर्तींपेक्षा खांबांजवळ रेंगाळत. खांबाला कान लावून बसलेला नवरा मी फोटोत पाहिला आहे. पार्टीतल्या पेटीवाल्या भाऊजींनी तो काढला आणि सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ताप आहे का ते बघायलेत.'

आणि चाल करायची त्यांची पद्धत. तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं.

पेटीवर बसून त्यांनी कधी चाल केली नाही. पेटीवर बोटं आपल्या सवयीनं चालतात, असं त्यांचं म्हणणं होतं. चाल सुचायची ती हिंडता-फिरताना, दाढी करताना, एसटीच्या खिडकीशी. सुचली की ते सकाळी ती मला ऐकवत. एकदाच. मी ऐकायची आणि कामाला जायची. संध्याकाळी मी घरी आले, चहा झाला, की ते समोरच्या खुर्चीवर बसत आणि म्हणत, "हं. वापस दे."

मग मी माझ्या त्या आवाजात ती गुणगुणून दाखवायची. दिवसभरात जे माझ्याकडे राहिलं तेवढीच चाल. माझ्या हातून गळालेलं ते परत कधी घेत नसत. सुरुवातीला मला फार वाईट वाटे. एखादी सुंदर वळणाची ओळ सकाळी ऐकलेली असे आणि संध्याकाळी तिथं सपाट काहीतरी निघे. ते शांतपणे म्हणत, "गळालं ना? मग ते आपलं नव्हतंच." पार्टीतल्या कुणाला का ऐकवत नाही, मलाच का, असं मी एकदा विचारलं. "त्यांना गाता येतं. ते मधी आपलं घालतात. तुझ्याकडं घालायला काईच न्हाई," असं म्हणून ते मोठ्यानं हसले. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सकाळी चाल ऐकवली, आणि मी पुन्हा संध्याकाळी वापस दिली.

फोनवर रेकॉर्ड करायला ते तयार नसत. फोनला सगळंच राहतं, नको असलेलंसुद्धा, म्हणून.

गाणं झरीच्या महिला मंडळाचं होतं. विहारासमोरच्या पिंपळाखाली बायका संध्याकाळी बसतात, तिथं बसून त्यांनी ते जोडलं होतं. मंडळाच्या अध्यक्षबाई अंगणवाडीत काम करतात. त्यांनी ते यांना फोनवर वाचून दाखवलं. पहिली ओळ अशी होती: ऊन बाहेर ठेवलं, मी सावलीत आले. यांना ती फार आवडली. चपला काढून ठेवाव्यात तसं ऊन ठेवलंय बाईनं, असं ते दिवसभर म्हणत राहिले. महिना गेला, चाल सुचली नाही. मग मार्चमधल्या त्या सकाळी सुचली.

त्या दिवशी ते रजा घेऊन चारठाण्याला निघाले होते, तिथल्या एका शाळेला गाणं बसवून द्यायला. मी गॅसवर दूध ठेवून पोळ्यांचं आवरत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात शर्टाची बटणं लावत उभे राहिले आणि म्हणाले, "इकडं बघ. आली." मी गॅसकडे पाठ करून त्यांच्याकडे वळले. त्यांनी गायला सुरुवात केली. 'ऊन बाहेर ठेवलं' इथपर्यंत आले, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत एकदम म्हणाले, "अगं, दूध बघ!"

मी वळून गॅस बंद केला. थोडं उतू गेलंच होतं. माझ्या पाठीमागे त्यांनी राहिलेली ओळ पुरी केली, 'मी सावलीत आले', आणि पुढचं कडवंही गायले. मी फडक्यानं ओटा पुसत ऐकत होते. करपलेल्या दुधाचा वास येत होता. वळले तोवर ते चपला घालत होते. "संध्याकाळी घेतो," म्हणाले आणि गेले.

दुपारी ग्रंथालयात फोन आला. जिंतूरच्या बसस्टँडवर त्यांच्या छातीत दुखलं. बाकावरच्या लोकांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण त्याआधीच संपलं होतं. मी आयुष्यभर ट्रॉल्यांना भ्याले, आणि ते बसस्टँडवरच्या बाकावर गेले.

पुढच्या दिवसांतलं मला नीट आठवत नाही. घरात माणसं होती. जलदानविधीला भंतेजी आले, वंदना झाली. सगळे हात जोडून म्हणत होते आणि मी ओठ हलवत आतमध्ये दुसरंच काहीतरी घट्ट धरून बसले होते. संध्याकाळ झाली की ती समोरची खुर्ची दिसे. त्या वेळेला मी मनातल्या मनात चाल म्हणून बघायची. आहे का? आहे. त्यांच्याच आवाजात होती, दारातून येणाऱ्या, अर्ध्या बटणांच्या शर्टातल्या आवाजात. मग दुसरी भीती सुरू व्हायची, की सारखी काढून बघितली तर ती विरेल. घडीचं लुगडं पुन्हा पुन्हा उलगडलं तर घडीवरच फाटतं. न बघावी तर विसरेन, बघावी तर झिजेल.

त्यातच एप्रिल आला. आमच्या वस्तीत एप्रिल म्हणजे गाणी. सकाळपासून चौकात स्पीकर, निळे झेंडे, पोरांची वर्गणी, मिरवणुकीची तयारी. एरवी मला हा महिना वर्षातला सगळ्यात जवळचा. या वर्षी मी त्या चौकातून जीव मुठीत धरून जात होते. आणि सगळ्यात धोक्याची होती ती यांचीच जुनी गाणी. परकं गाणं कानावर आलं तर ते परकं म्हणून ओळखता येतं. यांच्या चाली एकमेकींच्या बहिणी होत्या. ट्रॉलीच्या भांड्यांचं ते गाणं स्पीकरवर लागलं की माझ्या आतली चाल त्याच्यामागे चालायला लागे. मी रस्त्यात थांबून कानावर हात धरायची. लोक मला वाट करून देत. नवऱ्याचं गाणं लागलं म्हणून बाईला सहन होत नाही, असं त्यांना वाटे. एकदा तर एका मुलानं माझ्याकडे बघून स्पीकर बंद केला. मला त्याला सांगता आलं नाही.

त्यापाठोपाठ लग्नं. डीजेच्या गाड्या आल्या की खिडक्यांच्या काचा हलत. मी बाथरूमचं दार लावून नळ सोडून उभी राहायची.

मुलगी पुण्यात नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "आई, अगं फोनमध्ये म्हणून ठेव ना. दोन मिनिटांचं काम आहे. कशाला जिवाला लावून घेतेस?"

"त्यांना आवडत नव्हतं."

"बाबा आता ओरडणार आहेत का?" ती म्हणाली.

तिचं खरं होतं. मी दारं लावली आणि फोनमध्ये चाल म्हणून ठेवली. मग ऐकली. रिकाम्या बादलीत बोलावं तसा माझा आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, आत बघितलं, तर चाल माझ्या आवाजात सुरू झाली. दारातला आवाज नव्हता. मी पुन्हा म्हटली, पुन्हा माझाच आवाज. मी फोन घेतला आणि ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं, तरी तो आवाज गेला नाही. एवढी भीती मला ते गेले त्या दिवशीही वाटली नव्हती. त्या दिवशी मी सुन्न होते, आता जागी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांना कुणीतरी घराबाहेर काढत होतं. ते कुणीतरी मीच होते.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दूध तापवायला ठेवलं. ते वर यायला लागलं, आणि मागून, दारातून, त्यांच्याच आवाजात, ऊन बाहेर ठेवलं. मी वळले नाही. दूध सगळं उतू जाऊ दिलं.

तेव्हा मला कळून चुकलं की ही चाल मी ज्याला देईन त्याच्या आवाजाची ती होणार. माझा आवाज फोनमध्ये एकदाच ऐकला तर एवढं झालं. वीस बायका विहारात म्हणायला लागल्या, की दारातला माणूस त्यात कसा टिकेल? चाल ठेवली तर ती माझ्याबरोबर संपेल, आणि दिली तर तो आवाज जाईल.

पेटीवाले भाऊजी शिंपी आहेत. यांचे शाळेपासूनचे मित्र. ते आठवड्यातून एक-दोनदा दुकान बंद करून येत, चहा घेत, इकडचं तिकडचं बोलत आणि निघताना विचारत, "वैनी, मंग चालीचं?"

"पौर्णिमेला वेळ आहे की."

"हाय ना. बायकांना बसवायला तरी दिवस लागतील का न्हाई?" एकदा मात्र ते दारात थांबले. "वैनी, चाल हाय का कैरीचं लोणचं? किती मुरवायलात?"

मी हसले. पण ते गेल्यावर दाराला कडी लावली आणि चाल जागेवर आहे ना, ते बघितलं.

मग झरीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. त्या आधी माझ्या तब्येतीचं बोलल्या, जेवता का नीट असं विचारलं. मग आवाज थोडा बदलला. "ताई, रागाला येऊ नका. बायका इचारायल्यात. आमचं गाणं आमाला कवा मिळंल? तुमच्यानं व्हत नसंल तर तसं सांगा, आमाला समजतंय. पोरी म्हणायल्यात, एखाद्या शिनेमाच्या चालीवर बसवू. आता लय दिवस न्हाई राह्यले."

मी म्हणाले, "रविवारी येते."

फोन ठेवल्यावर मी तिथंच भिंतीला टेकून बसले. चाल मी एवढे दिवस माझ्या एकटीची समजत होते. पण गाणं त्या बायकांचं होतं. ऊन त्यांनी बाहेर ठेवलं होतं.

रविवारी दुपारी भाऊजी, ढोलकीवाले आणि मी एसटीनं झरीला गेलो. ढोलकीवाले एरवी रिक्षा चालवतात, अंगानं भारी, बोलणं कमी. विहारात सतरंजी अंथरलेली होती, कूलर मोठा आवाज करत होता. मी तो बंद करायला सांगितला. बायका पदरानं वारा घेत बसल्या. कुणी लेकरू मांडीवर घेतलं होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"मला गाता येत नाही," मी म्हणाले.

"आमाला तरी कुठं येतंय बाई? म्हणा तुमी," मागून एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी डोळे मिटले. मनात गॅस पेटवला, दूध ठेवलं. त्यांच्याकडे वळले. आणि म्हणायला सुरुवात केली. 'ऊन बाहेर ठेवलं', इथं आले आणि थांबले. जेवढा वेळ ते थांबले होते तेवढाच. मग माझ्या पाठीमागून पुढची ओळ आली, 'मी सावलीत आले', आणि मी ती म्हटली, पुढचं कडवंही म्हटलं. डोळे उघडले तर भाऊजींचे हात पेटीवर होते, पण त्यांनी भाता हलवलाच नव्हता.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "हे मधी थांबलात ते. काय जागा काढलीय हो! ऊन ठेवलं, उंबऱ्यावर थांबली, मंग आत आली. असं थांबायचं तर यानं आजपर्यंत कवा केलं न्हाई. मरता मरता नवीनच काढून गेला गडी." ते मान हलवत राहिले. बायकाही माना हलवत होत्या.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ते थांबणं चालीतलं नव्हतं. ते दूध होतं. मी म्हणाले, "थांबा. ते तसं नाही. मी पुन्हा म्हणते." आणि न थांबता ओळ सलग म्हणायचा प्रयत्न केला. 'ऊन बाहेर ठेवलं मी' एवढं आलं आणि पुढे काहीच नाही. पुन्हा केलं. पुन्हा तिथंच पाय अडकला. ते थांबणं काढलं की त्याच्यापलीकडचं सगळं दिसेनासं होत होतं. एवढे दिवस जपलेली ती चाल सगळ्यांसमोर माझ्या हातातून चालली होती.

भाऊजींनी बायकांना पाणी प्यायला पाठवलं आणि माझ्याजवळ सरकले. मी त्यांना सगळं सांगितलं. शर्टाची बटणं, माझी पाठ, दूध. ते ऐकत राहिले. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग ते इतके हसले की डोळे पुसावे लागले, आणि मग नुसतेच डोळे पुसत राहिले.

"संध्याकाळी त्यानं ते काढलं असतं की ठेवलं असतं, आता कोण सांगणार?" ते म्हणाले. "पण वैनी, त्याचा तर हिशोबच साधा व्हता. तुमच्याकडं राहिलं ती चाल. मंग आता दुधासकट घेऊ."

मी पुन्हा म्हटली, दुधासकट, आणि सगळी आली.

बायका शिकल्या. दोन-तीनदा म्हटल्यावर पेटी बरोबर आली, मग ढोलकी. आणि पहिल्याच फेरीला ढोलकीवाल्यांनी त्या थांबण्यात एक तुकडा टाकला. चांगला होता तो. कुणीही वादक तिथं तेच करील, मोकळी जागा दिसली की हात जातोच. मी ओरडले, "नको!" एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात बोलले नव्हते. मांडीवरचं लेकरू दचकून रडायला लागलं.

"तिथं काही वाजवू नका. मी पाया पडते."

ढोलकीवाले गोंधळले. "रिकामं वाटायलंय वैनी. लोक म्हणतील, इसरला."

"म्हणू दे," भाऊजी त्यांच्यावर खेकसले. "तिथं हात वर धर. खाली आला तर सुई टोचीन."

पौर्णिमेला विहारासमोर मांडव होता. खीर वाटून झाली. बायका पांढऱ्या साड्या नेसून उभ्या राहिल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते, पण गाणाऱ्यांकडे माझं लक्ष नव्हतं. मी ढोलकीवाल्यांच्या हातांकडे बघत होते, आणि माझं काळीज असं उडत होतं जसं 'पोचलो' हा शब्द येईपर्यंत उडायचं. गाणं सुरू झालं. ऊन बाहेर ठेवलं.

हात वर गेले आणि वरच राहिले. सगळा मांडव थांबला.

मग बायका सावलीत आल्या.

परतीच्या बसमध्ये, संध्याकाळी, मी खिडकीशी बसून सवयीनं आत बघितलं. मला ज्याची भीती होती ते झालं होतं. चाल बायकांच्या आवाजात सुरू झाली, अध्यक्षबाईंचा जाड आवाज पुढे, बाकीच्या मागे. दारातला आवाज कुठेच नव्हता. मी खिडकीचा गज घट्ट धरला. गाणं पुढे जात राहिलं, ओळ अर्ध्यावर आली आणि बायका थांबल्या. तिथं कुणीच गात नाही. तिथं ते म्हणाले, "अगं, दूध बघ!"

आता ते गाणं वालूरला गेलं आहे, जिंतूरला मागितलं आहे. दरवेळी ढोलकी हेच गृहस्थ वाजवतील असं नाही, भाऊजी बरोबर असतील असंही नाही. मोकळी जागा दिसली की हात जाणारच. म्हणून जिथं ते गाणं असेल तिथं मी जाते. त्याच रस्त्यांनी, ट्रॉल्यांच्या बाजूनं, जीव मुठीत धरून जाते. पोचल्यावर मुलीला फोन करते. मग पहिल्या रांगेत बसते आणि ढोलकीवाल्याच्या हातांकडे बघत राहते.